पत्र पेटीत पडले, पण पोचले का?



जपानात टोकियोच्या ईशान्येस सुमारे साठ किलोमीटरवर त्सुकुबा नावाचे शहर आहे. सरकारने विज्ञानसंशोधनासाठी मुद्दाम वसवलेले हे गाव. तेथे १९८५ साली, १७ मार्चपासून १६ सप्टेंबरपर्यंत, एक मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले आणि दोन कोटींवर लोकांनी ते पाहिले. त्या प्रदर्शनात जपानी टपालखात्याने एक गमतीची सोय केली होती. तिचे नाव 'पोस्ट कॅप्सूल २००१'. तेथे टाकलेले पत्र लगेच रवाना व्हायचे नव्हते. ते जपून ठेवायचे आणि नव्या शतकाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १ जानेवारी २००१ रोजी, पत्त्यावर नेऊन द्यायचे. लाखो लोकांनी हौसेने पत्रे टाकली, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ वाट पाहून ती ठरल्या दिवशी वाटली गेली.

आता विचार करा. १९८५ साली पत्र पेटीत टाकून घरी गेलेल्या माणसाला कोणी विचारले असते, "पत्र टाकलेस का?" तर तो "हो, टाकले" असेच म्हणाला असता, आणि ते खरेच होते. पण "पत्र पोचले का?" या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. पंधरा वर्षे ते पत्र टाकलेलेही होते आणि पोचलेलेही नव्हते.

आपल्या घरातला कॉम्प्युटर दिवसातून हजारो वेळा नेमक्या याच अवस्थेतून जातो. आपण 'सेव्ह'चे बटण दाबतो, पडद्यावर सर्व ठीक दिसते आणि आपण समजतो की मजकूर डिस्कवर लिहिला गेला. तो बहुधा लिहिला जातोही; पण त्या क्षणी नव्हे, थोड्या वेळाने. त्या थोड्या वेळात वीज गेली तर?

मला हा धडा पेन ड्राइव्हने शिकवला. घरातले जुने फोटो, कोकणातल्या घराचे, आजोबांच्या तेलाच्या घाण्याचे, असे दीडशेच्या वर फोटो मी एका पेन ड्राइव्हवर उतरवले आणि भाचीकडे जायची घाई म्हणून पट्टी पुरी झालेली दिसताच तो ओढून काढला. तिच्या घरी लावून पाहतो तो फाईलींची नावे सगळी हजर, पण शेवटच्या तीसचाळीस फाईली आतून रिकाम्या. मूळ फोटो माझ्याकडे होते म्हणून निभावले. त्यानंतर मी पुस्तके उघडली. त्यातून जे समजले ते आज सांगतो. पुष्कळ घरांत नातवंडे कॉम्प्युटरच्या कामावर आहेत. त्यांना यातले बरेच ठाऊक असेल. तरी त्यांनीही वाचावे, कारण यातल्या दोनतीन गोष्टी कामावरची माणसेसुद्धा विसरतात.

प्रथम एक मूळ गोष्ट ध्यानात घ्या. आपण जो प्रोग्राम वापरतो, मग तो पत्र लिहिण्याचा असो की हिशेबाचा, त्याला डिस्कला हात लावण्याचा अधिकारच नसतो. डिस्क, पडदा, तारा, सगळे एका कारभाऱ्याच्या ताब्यात असते. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात आणि त्याच्या गाभ्याला कर्नल. प्रोसेसरची रचनाच अशी असते की त्याच्या दोन अवस्था आहेत, एक सामान्य आणि एक अधिकाराची. अधिकाराच्या अवस्थेत फक्त कर्नल काम करतो. सामान्य प्रोग्रामने डिस्कला परस्पर हात घालू पाहिले तर त्याला तेथल्या तेथे बाहेर काढले जाते.

मग प्रोग्रामने लिहायचे कसे? पोस्टाच्या किंवा बँकेच्या खिडकीवर आपण जसे उभे राहतो तसे. काउंटरच्या आत जायचे नाही. काय हवे ते खिडकीतून सांगायचे, कागद आत सरकवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. या खिडकीवरच्या मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात. प्रत्येक मागणीला एक क्रमांक ठरलेला असतो. आजच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या पीसीवर लिनक्समध्ये 'लिहा' या मागणीचा क्रमांक १ आहे. प्रोग्राम तो क्रमांक आणि मजकुराचा पत्ता ठरलेल्या जागी ठेवतो आणि एक खास आज्ञा देतो. प्रोसेसर अवस्था बदलतो, कर्नल जागा होतो, काम पाहतो आणि उत्तर देऊन पुन्हा प्रोग्रामला मोकळे करतो.

फाईल लिहिण्यासाठी मागण्या मुख्यतः तीन. पहिली ओपन. प्रोग्राम सांगतो, "अमुक नावाची फाईल मला लिहायला उघडून द्या." कर्नल नाव शोधतो, परवानगी तपासतो आणि हातात एक लहानसा आकडा देतो. पूर्वी मुंबईच्या बँकांत चेक आत दिला की पितळी बिल्ला मिळे आणि पुढचे सर्व काम त्या बिल्ल्याच्या नंबरावर चाले, ते आठवते ना? हा तोच प्रकार. प्रत्येक प्रोग्रामला ०, १ आणि २ हे तीन बिल्ले बहुधा जन्मतःच मिळालेले असतात (कीबोर्डवरून वाचणे, पडद्यावर लिहिणे आणि चुका सांगणे यांसाठी), म्हणून त्याने उघडलेल्या पहिल्या फाईलीला सामान्यतः ३ नंबर मिळतो. दुसरी मागणी राइट. "बिल्ला ३, हा मजकूर, इतके बाइट." तिसरी क्लोज, म्हणजे बिल्ला परत. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी रचलेल्या युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या पुस्तिकेत या मागण्या याच नावांनी आहेत. पन्नासहून अधिक वर्षे झाली, खिडकी तीच आहे.

आता खरी गोम राइटच्या उत्तरात आहे. राइट "झाले" असे उत्तर देत नाही. ती एक संख्या सांगते: इतके बाइट घेतले. शंभर दिले आणि शंभर घेतले तर उत्तम. पण डिस्क भरत आली असेल तर शंभरातले साठच घेतले जाऊ शकतात, आणि उत्तर येते 'साठ'. ही चूक नव्हे. कारभाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले की साठ घेतले, उरलेले तुम्ही पाहा. लिनक्समध्ये तर एका मागणीत दोन गिगाबाइटांहून थोडे कमी इतकेच घेतले जातात, मग तुम्ही कितीही द्या. ज्या प्रोग्रामरने उत्तराची संख्या पाहिलीच नाही, त्याचा उरलेला मजकूर खिडकीबाहेरच राहतो आणि त्याला पत्ताही नसतो. शाळेत मी मुलांना हातचा विसरू नका म्हणून सांगत असे. हा हातचाच आहे.

आणि संख्या बाइटांची असते, अक्षरांची नव्हे. आपणा मराठी माणसांना हे विशेष कळायला हवे. 'शालोम' हा शब्द घ्या. अक्षरे तीन: शा, लो, म. कॉम्प्युटर मात्र श, काना, ल, ओकार, म अशी पाच चिन्हे मोजतो आणि सध्या सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे पंधरा. हाच शब्द हिब्रूत शीन, लामेद, वाव, मेम अशा चार अक्षरांत लिहिला तर प्रत्येकी दोनप्रमाणे आठच बाइट होतात. म्हणून राइटने 'दहा घेतले' असे सांगितले तर मराठी 'शालोम' ओकाराच्या पहिल्याच तुकड्यावर तुटला असे समजावे. पुढचा प्रोग्राम तेथे प्रश्नचिन्ह किंवा चौकट दाखवील.

बरे, पंधरापैकी पंधरा बाइट घेतले. गेले कुठे? येथेच आपला पोस्ट कॅप्सूल येतो. कर्नलने तो मजकूर आपल्या मेमरीतल्या एका पानावर उतरवून घेतला (पान बहुधा ४०९६ बाइटांचे असते), त्या पानावर 'डिस्कवर न्यायचे बाकी' अशी खूण केली आणि प्रोग्रामला सांगितले, "घेतले." डिस्क अजून हललेलीही नाही. लिनक्समध्ये साधारणपणे दर पाच सेकंदांनी कर्नलचा एक नोकर जागा होऊन अशी पाने तपासतो आणि जी तीस सेकंदांहून जुनी झाली ती डिस्कवर नेतो. पोस्टमन पेटी ठरल्या वेळी उघडतो, प्रत्येक पत्रामागे धावत नाही, तसेच.

यात कारभाऱ्याची लबाडी आहे असे कोणी समजू नये. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. प्रत्येक लहान राइटसाठी तिची वाट पाहायची तर सेकंदाला शंभरएक राइटच्या पुढे जाणे कठीण. मेमरीत तेच काम काही मायक्रोसेकंदांत होते. शिवाय पुष्कळ फाईली जन्मतात आणि काही सेकंदांत पुसल्याही जातात. त्यांना डिस्कपर्यंत नेण्याचा खटाटोप वाचतो. ही उधारी नसती तर आपला कॉम्प्युटर बैलगाडीच्या चालीने चालला असता.

परंतु उधारी ती उधारीच. ज्याला वाट पाहायची नाही त्याच्यासाठी निराळी मागणी आहे, तिचे नाव एफसिंक. १९८३ साली बर्कलीच्या युनिक्समध्ये ती आली. पोस्टात साधे पत्र आणि पोचपावतीचे रजिस्टर यांत जो फरक, तोच राइट आणि एफसिंक यांत. एफसिंक म्हणजे "बिल्ला ३ च्या फाईलीचे बाकी असलेले सर्व आत्ता डिस्कवर न्या, आणि गेल्याशिवाय मला उत्तर देऊ नका." वेळ लागतो, पण हाती पावती येते.

त्सुकुबाशी या पावतीचे आणखी एक नाते आहे. रुबी नावाची प्रोग्रामिंगची भाषा आहे. १९९५ साली ती लोकांपुढे आली. तिचे कर्ते युकिहिरो मात्सुमोतो हे त्सुकुबा विद्यापीठातून शिकलेले. रुबीत फाईलीवर लिहिताना 'फ्लश' आणि 'एफसिंक' अशा दोन वेगवेगळ्या आज्ञा आहेत आणि नवशिके हमखास त्यांची गल्लत करतात. कारण असे की कर्नलच्या आधी रुबी स्वतःच मजकूर आपल्या खिशात साठवते. दर दोन शब्दांसाठी खिडकीवर जाणे तिलाही परवडत नाही. फ्लश म्हणजे खिसा रिकामा करून खिडकीत देणे. एफसिंक म्हणजे खिडकीतून डिस्कवर पोचवणे. प्रोग्राम मध्येच कोसळला तर खिशातले जाते, पण कर्नलने घेतलेले राहते. वीज गेली तर दोन्ही जातात. हा भेद ज्याला उमगला त्याला निम्मा विषय आला असे मी म्हणेन.

आणि तिसरा खिसाही आहे. डिस्कच्या आत तिची स्वतःची लहान मेमरी असते. ती मजकूर तेथे घेऊन "लिहिले" म्हणून मोकळी होते. लिनक्समध्ये एफसिंक सामान्यतः डिस्कलाही तिचा खिसा रिकामा करायला लावते. ॲपलच्या मॅकवर साधी एफसिंक तितके करीत नाही. तेथे त्यासाठी 'फुल एफसिंक' नावाची निराळी मागणी करावी लागते, आणि ॲपलने आपल्या पुस्तिकेत ते स्वच्छ लिहिलेही आहे. पुस्तिका कोण वाचतो हा प्रश्न वेगळा.

आतापर्यंत एक कॉम्प्युटर आणि एक डिस्क पाहिली. त्सुकुबात मात्र एका डिस्कवर भागणारे काम फार थोडे. त्सुकुबा विद्यापीठ आणि हिताची यांनी मिळून बनवलेला सीपी-पॅक्स हा कॉम्प्युटर नोव्हेंबर १९९६ च्या जागतिक यादीत सर्वांत वेगवान ठरला होता. त्यात गणिते करणारे २०४८ घटक होते आणि त्यांच्याखेरीज १२८ घटक केवळ डिस्कशी देवघेव करण्यासाठी ठेवलेले होते. गणिती आणि कारकून यांचे प्रमाण सोळास एक! त्याच शहरात केईके ही कणभौतिकीची संस्था आहे. तेथे तीन किलोमीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन आणि त्यांचे प्रतिकण एकमेकांवर आदळवतात. १९९९ ते २०१० या काळात बेल नावाच्या प्रयोगाने तेथे जी माहिती गोळा केली, तिने मास्कावा आणि कोबायाशी यांच्या सिद्धान्ताला बळ दिले आणि २००८ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. कण आदळला, फुटला, संपला. मागे राहते ती फाईल. ती हरवली तर तो आघात घडलाच नाही असे समजायचे.

इतकी माहिती अनेक कॉम्प्युटरांच्या डिस्कांवर पसरून ठेवायची आणि वापरणाऱ्याला मात्र ती एकच मोठी डिस्क वाटली पाहिजे, असा विचार २००० सालाच्या सुमारास त्सुकुबात सुरू झाला. तेथल्या विद्युत्‌तंत्र प्रयोगशाळेत (२००१ पासून ती एआयएसटी या मोठ्या संस्थेचा भाग झाली) केईके व इतर संस्थांच्या सहकार्याने 'ग्रिड डेटाफार्म' या योजनेवर काम चालू झाले. युरोपातल्या सर्न येथील मोठ्या यंत्रातून येणार असलेली अफाट माहिती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. या योजनेतून जी फाईल-व्यवस्था तयार झाली तिचे नाव जीफार्म. तिचे प्रमुख ओसामु तातेबे पुढे त्सुकुबा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्यांच्यापुढची मोठी अडचण फार मानवी होती. शास्त्रज्ञांचे प्रोग्राम वर्षानुवर्षे चालत आलेले. त्यांना ओपन, राइट, क्लोज एवढेच ठाऊक. नवी व्यवस्था आली म्हणून ते सगळे पुन्हा लिहा असे कोणाला सांगणार? म्हणून आरंभी त्यांनी एक युक्ती केली. प्रोग्राम आणि खिडकी यांच्यामध्ये आपला एक माणूस उभा केला. प्रोग्राम सुरू होण्याआधीच एक लहान लायब्ररी मेमरीत चढवायची. प्रोग्रामने राइट म्हणून हाक मारली की ती कर्नलकडे जाण्याऐवजी आधी या लायब्ररीकडे येते. फाईल साधी असेल तर ती मागणी पुढे कर्नलकडे धाडते. जीफार्मची असेल तर तारेवरून दूरच्या कॉम्प्युटरकडे नेते. प्रोग्रामला काही कळत नाही. ही युक्ती मला फार आवडली. पण तिला मर्यादा आहेत: ज्या प्रोग्रामने लागणाऱ्या सर्व लायब्ररी आपल्या पोटातच बांधून घेतल्या आहेत, तो बाहेरच्या माणसाला हाक मारीतच नाही, मग हा मधला माणूस काय ऐकणार?

पुढे रस्ता सोपा झाला. २००५ च्या ऑक्टोबरात लिनक्सच्या २.६.१४ या आवृत्तीत फ्यूज नावाची सोय आली. तीत कर्नल स्वतःच खिडकीवर आलेली मागणी घेतो आणि एका सामान्य प्रोग्रामकडे सोपवतो, की हे तू पाहा. जीफार्मसाठी असा प्रोग्राम लिहिला गेला. आता कोणताही प्रोग्राम, पोटात काहीही बांधलेला असो, नेहमीच्या खिडकीवर नेहमीची मागणी करतो, आणि मजकूर कर्नलातून फिरून पुन्हा बाहेर येऊन, तारेवरून दुसऱ्या गावच्या डिस्कवर जातो. वळसा लांबचा, पण खिडकी बदलली नाही.

आता आपला जुना प्रश्न येथे लावून पाहा. लिहिले म्हणजे केव्हा लिहिले? जीफार्ममध्ये कोणती फाईल कोठे आहे याची नोंदवही एका मुख्य कॉम्प्युटरजवळ असते आणि प्रत्यक्ष मजकूर इतर अनेकांजवळ. एक डिस्क बिघडली तरी फाईल राहावी म्हणून तिच्या दोन किंवा अधिक प्रती ठेवता येतात. ही दुसरी प्रत तयार होण्याचे काम फाईल क्लोज झाल्यानंतर सुरू होते. म्हणजे क्लोज झाले आणि दुसरी प्रत अजून वाटेत आहे, असा एक काळ असतोच. राइट म्हणजे पेटीत पडले, एफसिंक म्हणजे पहिल्या घरी पोचले, आणि दुसऱ्या घरी पोचले ही आणखी वेगळी गोष्ट. २०१२ पासून जपानच्या मोठ्या कॉम्प्युटरांसाठी सामायिक कोठार चालू झाले, तेही जीफार्मवरच बांधले गेले आणि त्याची केंद्रे टोकियो विद्यापीठाचा काशिवा विभाग आणि कोबे अशी एकमेकांपासून दूर ठेवली गेली.

दूर का, हे जपानी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुकुबाही चांगलेच हादरले, वीज गेली, केईकेची यंत्रे थांबली. अशा क्षणी ज्या ज्या कॉम्प्युटरच्या मागे बॅटरी नसते, त्याच्या मेमरीतली 'न्यायचे बाकी' खुणेची सगळी पाने एका झटक्यात नाहीशी होतात. तीस सेकंदांची उधारी तेव्हा मोठी वाटते.

जीफार्मची आणखी एक गोष्ट मला शिक्षक या नात्याने पटली. फाईल लिहितानाच तिच्या सर्व बाइटांवरून एक तपासणीचा आकडा काढून ठेवता येतो आणि पुढे फाईल परत वाचून तो आकडा जुळतो का हे पाहता येते. पण लिहून झाल्याबरोबर वाचून पाहिले तर काय होईल? कर्नल मेमरीतल्या त्याच पानावरून वाचून दाखवील आणि डिस्कवर कचरा असला तरी 'बरोबर' असा शेरा मिळेल. मुलाने आत्ताच पाठ केलेले लगेच म्हणून दाखवावे तसे. म्हणून त्यांच्या व्यवस्थेत अशी सोय आहे की ठरावीक वेळ थांबून, मेमरीतली प्रत निघून गेल्यावर, मग तपासणी करावी. मी परीक्षा दुसऱ्या दिवशी घेत असे!

एफसिंकच्या पावतीवरही डोळे मिटून भिस्त ठेवू नये. २०१८ साली पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसच्या मंडळींना आढळले की डिस्कमध्ये बिघाड होऊन एफसिंक एकदा 'जमले नाही' म्हणाली, आणि प्रोग्रामने पुन्हा विचारले, तर लिनक्स दुसऱ्यांदा 'सर्व ठीक' म्हणू शकत असे. कारण पहिल्या अपयशानंतर पानावरची 'बाकी' ही खूण पुसली गेलेली असे. दुसऱ्यांदा न्यायला काही उरलेच नाही, म्हणून सर्व ठीक! अनेक वर्षे हा प्रोग्राम चुकीच्या समजुतीवर चालला होता. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी नियम बदलला: एफसिंक एकदा जरी नाही म्हणाली तरी पुन्हा विचारायचे नाही, काम थांबवायचे आणि आपल्या रोजकीर्दीवरून सगळे पुन्हा उभे करायचे. रोजकीर्द हा शब्द मी मुद्दाम वापरला. दुकानदार जसा आधी कीर्दीत टिपतो आणि सवडीने खतावणीत चढवतो, तसेच डेटाबेस करतात, आणि पुष्कळ फाईल-व्यवस्थाही निदान आपल्या नोंदींपुरते तसेच करतात. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्दीवरून ती पुरी करता येते. मात्र कीर्द तरी खरोखर डिस्कवर हवी.

मग जुनी फाईल बदलायची असेल तर शहाण्या प्रोग्रामने काय करावे? निकालपत्रक दुरुस्त करताना आम्ही जे करीत असू तेच. जुने पत्रक खोडत बसायचे नाही. नवी स्वच्छ प्रत वेगळ्या नावाने लिहायची, दर राइटची संख्या पाहायची, एफसिंक करून पावती घ्यायची, क्लोजचेही उत्तर पाहायचे, आणि मग एकाच मागणीने नव्या प्रतीला जुनीचे नाव द्यायचे. ही नाव बदलण्याची मागणी अशी असते की पाहणाऱ्याला एक तर पुरी जुनी फाईल दिसते किंवा पुरी नवी. अर्धी कधीच दिसत नाही. शेवटी ज्या फोल्डरात ती आहे त्या फोल्डरलाही एफसिंक करावी, कारण नाव फोल्डरच्या नोंदीत असते. ही शेवटची पायरी गाळणारे प्रोग्राम मात्र फार.

अलीकडे त्सुकुबात या साऱ्या वळशालाच फाटा देण्याचा प्रयोग झाला. २०२३ साली कामाला लागलेल्या पेगासस या कॉम्प्युटरच्या प्रत्येक घटकात, वीज गेली तरी न विसरणारी अशी सुमारे दोन टेराबाइट मेमरी बसवली होती. अशा मेमरीसाठी तातेबे यांच्या गटाने २०२२ साली सीएचएफएस ही फाईल-व्यवस्था प्रसिद्ध केली. तीत मुख्य नोंदवहीच नाही. फाईलीच्या नावावरून गणित करून ती कोणाकडे असायची हे कोणीही ठरवू शकतो. मेमरीच टिकाऊ झाली म्हटल्यावर एफसिंकची गरज संपली असे वाटेल. पण सर्वसाधारणपणे प्रोसेसरला स्वतःचा एक चिमुकला खिसा असतो, आणि मजकूर त्या खिशातून टिकाऊ मेमरीत गेला की नाही हे पुन्हा कोणाला तरी पाहावे लागते. शिवाय अशी मेमरी बनवणाऱ्या इंटेलने २०२२ सालीच तो धंदा आवरता घेत असल्याचे जाहीर केले.

पेन ड्राइव्हविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगायची राहिली. विंडोज १० च्या २०१८ च्या शेवटच्या आवृत्तीपासून बाहेरून लावलेल्या ड्राइव्हवर अशी उधारी न ठेवण्याची पद्धत मूळची म्हणून स्वीकारली गेली आहे, तरी नक्कल चालू असताना तो ओढू नये. मॅक आणि लिनक्सवर 'इजेक्ट' केल्याशिवाय मुळीच काढू नये. त्या बटणाने उरलेली सगळी पाने ड्राइव्हवर नेली जातात आणि मगच परवानगी मिळते. माझ्या वेळी मी तेवढे एक बटण दाबले नव्हते.

ज्यांच्या घरी लिनक्सचा कॉम्प्युटर आणि शिकणारे मूल आहे त्यांच्यासाठी एक स्वाध्याय. एस्ट्रेस नावाचा एक प्रोग्राम आहे. तो दुसऱ्या प्रोग्रामच्या खिडकीवरच्या सर्व मागण्या एकेका ओळीत लिहून दाखवतो. रुबीत एक फाईल उघडून 'शालोम' हा शब्द दोन वेगवेगळ्या आज्ञांनी दोनदा लिहा, फाईल बंद करा, आणि हे सर्व एस्ट्रेसखाली चालवून पाहा. देवनागरी तेथे आकड्यांत दिसेल. 'श'च्या जागी ३४०, २४४, २६६ असे तीन आकडे येतील. फाईलीला बिल्ला कितवा मिळाला ते पाहा. आज्ञा दोन असूनही राइटची ओळ एकच का आली, आणि तिच्या शेवटी ३० हा आकडा का, याचे उत्तर मुलाकडून तोंडी घ्यावे. मग दोन आज्ञांच्या मध्ये एकदा फ्लश घालून आणि एकदा एफसिंक घालून पुन्हा चालवावे, आणि कोणत्या वेळी कोणती ओळ वाढली ते वहीत लिहून ठेवावे.